चिलखताचं वय

पिशवीत एकच वस्तू घ्या, दस्ताना. मनगटापासून कोपरापर्यंत हात झाकणारा, फोमशीट कापून आणि हीट गनने वाकवून केलेला. कालच तुम्ही तो रंगवून संपवलाय: काळपट पोलादी रंग, कडांना नारिंगी गंज, नक्षीच्या खाचांत हिरवट झाक आणि जागा मिळेल तिथे ओरखडे. हौशी राज्य नाट्य स्पर्धेसाठी नगरला चांदबीबीवरचं नाटक बसतंय आणि हा तिचा उजवा हात आहे. तालमीत सगळे म्हणाले, थेट म्युझियममधून उचलून आणल्यासारखा दिसतो. हे कौतुक आहे की तक्रार, ते बघायला निघायचंय. चप्पल जाड तळव्याची घाला.

पहिला मुक्काम लांब नाही. गाव हेच, साल 1549.

पायाखालची जमीन गरम आहे. खड्ड्यात पुरलेला मातीचा साचा फोडायचं काम चाललंय आणि भाजलेल्या मातीची ढेकळं छिन्नीखाली उडताहेत. अहमद निजामशहाने हे शहर वसवलं 1490 साली. म्हणजे त्याला अजून साठ वर्षंही झालेली नाहीत. त्याचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा गादीवर आहे आणि त्याच्या पदरचा तुर्क ओतारी महंमद बिन हुसेन रूमी एक तोफ ओततोय. पुढे तिला मलिक-ए-मैदान म्हणतील. तालिकोटच्या रणात ती असेल, परांड्याला राहील आणि शेवटी विजापूरच्या बुरुजावर कायमची बसेल. आत्ता मात्र ती नुकती साच्यातून बाहेर येतेय: चौदा फुटांहून लांब, पंचावन्न टनांच्या घरातली, आणि तोंडाशी हत्तीला जबड्यात धरलेला सिंह.

रंग नीट बघून घ्या, कारण हा पुन्हा दिसायचा नाही. चार भाग तांबं आणि एक भाग कथील, असं हे कांसं. साच्याला चिकटून निघालेली वरची पापडी काळी-तपकिरी, खरबरीत, भाजक्या मातीचे पापुद्रे धरून बसलेली. जिथे कानस फिरली तिथे फिकट सोनेरी; पितळेहून बरीच फिकी. सिंहाच्या सुळ्यावर कारागिराने नुकताच हात मारलाय, तो चकाकतो. त्याच्या मागच्या खळग्यात अजून माती आहे. आणि हिरवा कुठेही नाही. विजापूरला गेल्यावर आपण जी हिरवट-काळी झाक बघतो आणि ‘वा, काय जुनी तोफ’ म्हणतो, ती साडेचार शतकांच्या पावसाने आणि लाखो पर्यटकांच्या हातांनी चढवलेली आहे. ओतणाऱ्याने ती कधी बघितलीच नाही.

आता दस्ताना बाहेर काढा आणि एखाद्या कारागिराच्या हातात द्या. तो त्याच्या हलकेपणाने चकित होईल, ते सोडा. खाचेतली हिरवी झाक तो नखाने खरवडतो आणि तोंड वाकडं करतो. त्याच्या जगात धातूवरचा हिरवा म्हणजे कल्हई उडालेलं भांडं. त्यात आंबट शिजवलं तर घरभर मळमळ. शिवाय तुम्ही हा दस्ताना पोलादाचा म्हणून रंगवलाय, आणि लोखंड हिरवं होत नाही. तांबं होतं, पितळ होतं, कांसं होतं, तेही जिथे पाणी साचून राहील तिथे आणि सावकाश. दस्तान्याला पितळी काठ असता, तर काठ आणि पत्रा जुळतो त्या सांध्यात हिरवी बारीक रेघ चालली असती. पत्र्यावर ती नुसती चूक आहे. आपल्याकडच्या निम्म्या ऐतिहासिक मालिकांमधल्या ढाली याच चुकीने हिरवटलेल्या असतात. कोणीतरी एकदा पुतळ्याचा रंग बघितला आणि तोच ‘जुना धातू’ म्हणून सगळीकडे फासला.

दुसरा मुक्काम सत्तेचाळीस वर्षं पुढे. फेब्रुवारी 1596, नगरचा भुईकोट, आतून.

इथे जरा थांबायचंय. बाहेर मोगलांचा वेढा आहे, शहाजादा मुराद आणि खानखानान अब्दुर्रहीम यांचा. हुसेन निजामशहाने घडीव दगडात बांधून घेतलेल्या या तटाखाली मोगलांनी सुरुंग पेरलेत. आतल्यांना त्याचा सुगावा लागलाय आणि दोन सुरुंगांतली दारू त्यांनी काढूनही घेतलीय. तिसऱ्याचा शोध चालू आहे. त्या धांदलीत तुमच्याकडे कोणाचं लक्ष नाही, तेव्हा आधी सिलेखान्यात चला.

दाराशी शिकलगार बसलाय. त्याच्यापुढे बारीक वाळू, तेल, चिंध्यांचा ढीग आणि दुरुस्तीला आलेली कड्यांची चिलखतं. हा माणूस तुमच्या धंद्याचा वैरी समजा. तुम्ही डाग लावून पोट भरता, तो डाग काढून. चिलखतावर गंज दिसला तर दोष वापरणाऱ्याचा नाही, याचा. म्हणून राजघराण्यातली हत्यारं आणि चिलखतं पुसून, तेल लावून ठेवलेली आहेत. भिंतीवरच्या चिलखतांचा रंग बघा. आरशासारखी चमक नाही आणि काळेपणाही नाही. मंद, तेलकट राखाडी. वर पातळ तेल असल्यामुळे धूळ बसते आणि चिकटून राहते. काचेमागच्या चिलखतांचा काळा-तांबडा रंग कुठून येतो, हे इथे उलगडतं: शिकलगार मेल्यानंतर जे झालं, ते आपण बघत असतो.

पण शिकलगाराचा हात सगळीकडे पोचत नाही आणि तुमचं खरं काम तिथेच आहे. एक चिलखत उलटं करून बघा. छातीवरच्या पोलादी पट्ट्या लख्ख, पण पट्टीवर पट्टी चढते त्या अरुंद फटीत तपकिरी मळ. रिव्हेटच्या डोक्याभोवती बारीक गंजाचं कडं, कारण चिंधी तिथे अडखळते. काखेतली कडी घामाने काळवंडलेली. खांद्यावरची कडी मात्र उजळ. हालचालीत कडीवर कडी घासते आणि जाळी स्वतःलाच घासून काढते. डाव्या कुशीवर तलवारीची मूठ आणि म्यान आदळून एक झिजका पट्टा तयार झालाय. तसा उजव्या कुशीवर नाही, कारण तलवार तिथे नसतेच. कातडी पट्ट्याला पाच भोकं आहेत, पण ताणून लांबट झालेलं आणि कडेने काळं पडलेलं भोक एकच. बाकीची चार अजून तशीच, कोवळी.

आणि कोणीच रंगवत नाही अशी एक गोष्ट: चिलखताखालचं कापड. कड्यांचं तेल आणि लोखंडाची भुकटी मिळून पांढऱ्या अंगरख्याच्या गळ्यावर आणि बाह्यांवर करडा डाग पडतो, धुऊनही न जाणारा. रंगमंचावरचा सैनिक चिलखत उतरवतो तेव्हा आत कांजी केलेला शुभ्र झब्बा निघतो आणि सगळं नाटक तिथेच पडतं.

आता हात कानांवर घ्या.

तिसरा सुरुंग उडतो. शोधायला उतरलेली माणसं आणि तटाचा मोठा भाग एकदमच जातो. आवाजापेक्षा त्यानंतरचा पांढरा पडदा लक्षात ठेवा. तटाचे दगड काळ्या पाषाणाचे, पण त्यांना धरून ठेवणारा चुना पांढरा, आणि फुटताना हवेत जातो तो चुनाच. काही क्षणांत किल्ल्यातला प्रत्येक माणूस एका रंगाचा होतो. ही धूळ वरून खाली बसते: शिरस्त्राणाचा माथा, खांदे, नाकाचा दांडा, दस्तान्याची वरची बाजू. हनुवटीखाली नाही, काखेत नाही, मुठीत आवळलेल्या तळहातावर नाही. भुवयांवर घाम आलेल्यांच्या चेहऱ्यावर तिचा चिखल होऊन ओघळतो.

आणि त्या पांढऱ्यात ती येते. फरिश्ता हा इतिहासकार वाढला नगरातच, पण या दिवशी तो विजापूर दरबारी आहे. त्याने लिहून ठेवलंय की खिंडार पडताच चांदबीबी अंगात चिलखत, चेहऱ्यावर बुरखा आणि हातात उपसलेली तलवार घेऊन तिथे उभी राहिली. हुसेन निजामशहाची ही मुलगी, विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा, पंचेचाळिशीच्या आसपासची. तिच्या पाठीमागे पळायला निघालेली माणसं परत फिरतात. तुम्ही मात्र तिच्या उजव्या हाताकडे बघा, त्यासाठीच आला आहात. गंज नाही. आज सकाळपर्यंत तो हात शिकलगाराच्या ताब्यात होता. वरच्या बाजूला तेलावर बसलेला चुना. आतल्या बाजूला, जिथे दस्ताना अंगाला घासतो, तिथे चुना टिकलेलाच नाही. राखाडी पोलाद उघडं. मनगटाच्या कडेला एक नवा ओरखडा, आणि नवा ओरखडा काळा नसतो. तो सगळ्यात उजळ असतो. ओरखडे काळे रंगवायची आपली सवय कुठून आली कोण जाणे.

संध्याकाळपर्यंत खिंडार लढवलं जातं. रात्री मशालींच्या उजेडात, हाताला लागेल त्याने ते बुजवायचं काम चालतं. झोप येणार नाहीच, तेव्हा पहाटे बंदुकांच्या नळ्यांवरून बोट फिरवून बघा. काल काळी काजळी होती तिथे आज नारिंगी पावडर आहे. बंदुकीच्या दारूची राख हवेतली ओल ओढून घेते आणि लोखंड खाते. एका दमट रात्रीत ताजा, फिकट, बोटाला लागणारा गंज तयार होतो. तुम्ही कडांना लावला होता तो नारिंगी रंग खोटा नव्हता. जागा चुकली होती आणि वेळ चुकली होती. तो रंग सुरुंगाच्या दुसऱ्या सकाळचा आहे, बंदुकीच्या कान्याशी. खिंडारातल्या चांदबीबीच्या हातावर नाही.

पुढे बोलणी होतात, वऱ्हाड मोगलांना देऊन वेढा उठतो. तो इतिहास तुम्हाला पाठ आहे. आपण निघू.

तिसरा मुक्काम याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात. मार्च 1795, खर्डा.

इथे याचसाठी यायचं की आतापर्यंत जे शिकलात ते थोडं उलटं व्हावं. पेशव्यांच्या बाजूने सगळे सरदार एकत्र आलेत, सैन्याची सूत्रं परशुरामभाऊ पटवर्धनांकडे आहेत आणि निजामाशी गाठ 11 तारखेला पडणार आहे. दोन्हीकडे फिरंग्यांनी कवायत शिकवलेली पायदळं आहेत. त्यांच्या अंगावर चिलखत नाही, डगला आहे. लढाई आता तोफा आणि बंदुकांची झालीय. तरी घोडेस्वारांत अजून कुठे कुठे चिलखत दिसतं. अंगावर असणं ही सवय आहे, थोडी इभ्रत आहे, आणि बरेचदा ते आज्याचं आहे.

एका राऊताने आपलं चिलखत खोगिरावर टाकलंय. त्याला विचारून बघा, हात लावू का.

‘‘लावा की पाव्हणं. पण ह्या बाजूनं नगं, तिथली कडी सुटत्यात.’’

हे खरोखर जुनं चिलखत. इथे काळा चालतो. तीन पिढ्यांचं तेल आणि धूळ नक्षीच्या खाचांत मुरून डांबरासारखी घट्ट झालीय. कधीतरी छातीवरच्या पट्टीवर सोन्याची कोफ्तगिरी होती. आता फक्त पट्टीच्या खालच्या कडेला, ढालीच्या आडोशाला असलेल्या भागात, चार तारा उरल्यात. जिथे कडी तुटली तिथे वेगवेगळ्या लोहारांनी वेगवेगळ्या वेळी नवी घातलीय: काही जाड, काही बारीक, काही रंगाने काळी. आतलं अस्तर दुसऱ्याच कुठल्या कापडाचं. असं चिलखत रंगवायचं तर एका रंगाची झीज चालत नाही. दुरुस्त्या दाखवाव्या लागतात, आणि प्रत्येक दुरुस्तीला वेगळं वय.

ढाल बघा. कातडी, काळ्या लाखेची, चार फुल्यांची. धातूची ढाल खरचटली की आतून उजळ दिसते. ही खरचटली की आतून तपकिरी दिसते, कारण आत कातडं आहे. काठावरची लाख सगळीकडून टवके उडून गेलीय. पाठीवर लटकवून फिरल्यामुळे मधल्या फुल्यांचा माथा कापडाने घासून गुळगुळीत झालाय. आतल्या गादीवर मुठीच्या सांध्यांचे चार खळगे पडलेत, घामाने काळे. तलवारीची मूठ तशीच: बोटं जिथे बसतात तिथे चकचकीत, मागची वाटोळी चकती मनगटाला लागते तिथे चकचकीत, आणि या दोन्हींच्या मधली जागा मळकट. हाताने जे घासलं जातं ते उजळतं, ज्याला हात लागत नाही ते काळवंडतं. तुमच्या दस्तान्यावर हे नेमकं उलटं होतं.

धुळीचा रंगही टिपून ठेवा. काळ्या रानाची माती ओली असताना काळी. मार्चच्या उन्हात घोड्यांच्या टापांखाली तीच राखाडी-पांढुरकी होऊन उडते. ऐतिहासिक चित्रपटांत सगळी मराठी माणसं तांबड्या मातीत लढतात, कारण चित्रीकरण तांबड्या मातीच्या मुलखात झालेलं असतं. खर्ड्याचा सैनिक रंगवताना गेरू वापरला तर जामखेडचा प्रेक्षक पहिल्या ओळीत उठून सांगेल. घोड्याच्या अंगावर जीनपट्ट्याच्या कडेने वाळलेल्या घामाची मिठाची पांढरी रेघ आहे, तीही कधी कुणी रंगवत नाही. लढाईनंतर निजाम खर्ड्याच्या गढीत कोंडला जातो आणि त्याच्या लोकांचे पाण्यावाचून हाल होतात. आत अडकलेल्या एकाही माणसाचं तोंड धुतलेलं नसणार, एवढं रंगभूषा करणाऱ्याने लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

चौथा मुक्काम जिल्ह्याबाहेर आहे. कोल्हापूर, 1923.

महाराष्ट्र फिल्म कंपनीत ‘सिंहगड’चं काम चालू आहे. कंपनीचे कर्तेधर्ते बाबूराव पेंटर. मूळ मेस्त्री, आधी नाटकाचे पडदे रंगवणारे, त्यामुळे रंग, लाकूड, पत्रा हे सगळं त्यांच्या हातातलं. आवारात ढाली वाळत पडल्यात. एका कोपऱ्यात जेमतेम विशी ओलांडलेला शांताराम वणकुद्रे शेलारमामाच्या वेषात उभा आहे, ऐंशीचा म्हातारा म्हणून. माणसाचं वय वाढवणं आणि वस्तूचं वाढवणं, दोन्ही इथे एकाच आवारात चाललंय.

तुमचा दस्ताना इथे दाखवा. या लोकांना फोम माहीत नाही, पण खोटं लोखंड म्हणजे काय हे पक्कं माहीत आहे. एक रंगारी तो उन्हात धरतो.

‘‘काम झ्याक हाय वो, पण ह्यो तांबडा काढा. पडद्यावर काळाठिक्कर दिसंल.’’

त्याचं बरोबर आहे. त्या काळची फिल्म तांबडा रंग बघतच नाही. तांबडं आणि नारिंगी जे असेल ते काळं उमटतं, निळं जे असेल ते जवळजवळ पांढरं. तुमचा सुंदर गंज कॅमेऱ्याला नुसता काळा डाग. उलट चंदेरी रंगाची चमक इतकी फुटते की धातूचा आकारच दिसेनासा होतो. म्हणून इथे गंज तांबड्यात रंगवण्यात अर्थ नाही. उजळ राखाडी, मध्यम राखाडी, गडद राखाडी, या तीन पायऱ्यांत रंगवायचा, आणि चमक मारून टाकायची. इतिहासात ती वस्तू कशी होती हे कळलं तरी काम अर्धंच होतं. मध्ये कोणता डोळा आहे, हे दुसरं अर्धं. तुमच्या नाटकात तो डोळा पंधराव्या रांगेतला आहे, आणि वर रंगीत दिवे.

परतताना वाटेत नगरच्या रणगाडा संग्रहालयात पाच मिनिटं डोकवा. ते 1994 साली सुरू झालं आणि 1965 च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत केलेले पॅटनही तिथे आहेत. सगळे रणगाडे नीट रंगवलेले, स्वच्छ. म्हणजे चिलखत काचेमागे गेलं की आहे त्याहून जुनं दिसतं आणि रणगाडा बागेत ठेवला की नवा. संग्रहालयाचा भरवसा कोणत्याच बाजूने धरता येत नाही. गंमत अशी की आज जगभर प्रॉप रंगवणारे जे तंत्र वापरतात, तो पातळ रंगाचा वॉश, तो कोरडा ब्रश, स्पंजने उडवलेले टवके, त्यातलं बरंच काही रणगाड्यांची छोटी मॉडेलं बनवणाऱ्यांनी टेबलावर घोटून पक्कं केलं. आणि 1977 च्या ‘स्टार वॉर्स’ने वापरून मळलेली यानं दाखवली, तेव्हापासून चित्रपटांत कोरी वस्तू खोटी वाटायला लागली. तेही आता अति झालंय. मळवणं स्वस्त आहे, म्हणून सगळेच मळवतात.

आता तुमच्या टेबलाशी या. दस्तान्यावरचा जुना थर राहू द्या, पण काळ्याने सगळं झाकून टाका.

फोमची छिद्रं रंग पितात, तेव्हा आधी पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचे दोन-तीन हात हवेतच. ते वाकलं तरी तडकत नाही. ते आधीच दिलेत असं धरू. नसतील तर सगळं थांबवून द्या, आणि हीट गन पुन्हा हातात घेणार असाल तर खिडकी उघडून. काळ्यावर चंदेरी ॲक्रिलिक थेट फासायचं नाही. ब्रश चंदेरीत बुडवा, जुन्या वर्तमानपत्रावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा, आणि मग उंचवट्यांवरून हलकेच फिरवा. खळगे काळेच राहतील. त्यावर पेन्सिलीच्या शिशाची भुकटी बोटाने घासा, फक्त आतल्या बाजूच्या पट्ट्यावर आणि मनगटाच्या कडेवर. पोलादाची मंद तेलकट चमक चंदेरी रंगाने येत नाही, या भुकटीने येते. सिलेखान्यातला राखाडी आठवा आणि तिथे थांबा.

मग वॉश. गडद तपकिरी आणि काळा पाण्यात पार पातळ करा, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका म्हणजे पाणी गोळा न होता खाचेत पळतं. सगळीकडे लावून लगेच ओल्या फडक्याने पुसा. पुसताना तुम्ही शिकलगार आहात: फडकं जिथे पोचेल तिथे स्वच्छ करा, जिथे अडखळेल तिथे सोडा. रिव्हेटभोवतीचं कडं आपोआप राहील, मुद्दाम रंगवावं लागणार नाही. माझ्या मते या सगळ्या कामातली सगळ्यात खरी पायरी हीच, कारण इथे हात तेच करतो जे त्या माणसाचा हात करत होता.

गंज हवाच असेल तर पट्ट्याखाली, बारीक ब्रशने, गडद तपकिरीत दोन ठिपके. नारिंगी अजिबात नको. ओरखडा एक, मनगटाच्या कडेला, उजळ चंदेरी. त्याच्या खालच्या बाजूला केसाएवढी गडद रेघ, म्हणजे पत्रा दबल्यासारखा दिसेल. कातडी पट्ट्याची चार भोकं कोवळी ठेवा आणि एक ओढून लांबट करा. पोलादावर किंचित चमक असलेलं वार्निश, कातड्यावर मॅट. अंगरख्याच्या गळ्याला आणि बाहीच्या टोकाला तीच शिशाची भुकटी चोळा. कपडेपटवाले आधी भांडतील. सिलेखान्यातला तो गळा आठवून समजावा.

हे सगळं झाल्यावर दिवे लावून बघा. अंबर लाइटमध्ये नारिंगी गंज उजेडातच विरघळतो आणि निळ्यात काळा होतो, म्हणून तो काढला हे बरंच झालं. पंधराव्या रांगेत जाऊन बसा. तिथून ओरखडा दिसत नाही, कोफ्तगिरीचा तर प्रश्नच नाही. दिसतात त्या तीन पायऱ्या, उजळ कडा, राखाडी पत्रा, काळे खळगे. त्या तीन नीट वेगळ्या दिसत नसतील तर परत या आणि उजळ आणखी उजळ करा. जवळून थोडं भडक वाटेल, वाटू द्या.

चुना मात्र आधी लावायचा नाही. तो पहिल्या अंकातल्या चांदबीबीच्या हातावर नव्हता.

त्यासाठी मलमलच्या फडक्यात खडूची भुकटी आणि थोडी चाळलेली राख बांधून पुरचुंडी करा. खरा चुना कधीही वापरू नका. डोळ्यांत गेला तर भाजतो. प्रयोगाच्या दिवशी पुरचुंडी घेऊन डावीकडच्या विंगेत उभे राहा. स्फोटाचा आवाज होतो, ब्लॅकआऊट. ती धावत येते, बुरखा आधीच तोंडावर ओढलेला, म्हणजे भुकटी नाकात जायची नाही. शिरस्त्राणाच्या माथ्यावर एकदा, दोन्ही खांद्यांवर दोनदा, दस्तान्याच्या वरच्या बाजूला एकदा, सगळं वरून खाली. हनुवटीखाली नको. तळहाताला हात लावू नका, त्यात तलवार यायचीय आणि मूठ घसरेल. आता अंगठा ओला करून दस्तान्याच्या आतल्या बाजूवरून एकदा ओढा, म्हणजे अंगाला घासून चुना गेलेला पट्टा तयार. उजेड येतोय, तिला सोडा. आणि घाई करा, तिच्या मागून जायचे मशालवाले दोघे अजून कोरेच उभे आहेत.